धाकटी वाटी

पाटकऱ्याची खोली म्हणजे चार भिंती, एक दार, एक झरोका आणि मधोमध दगडी हौद. हौद एवढासाच, कडेला बसून हात घातला तर तळाला टेकेल इतका खोल. त्यात तांब्याची वाटी तरंगायची, आणि वाटीच्या बुडाला बारीकसं भोक. भोकातून पाणी आत येत राहायचं, वाटी जड होत जायची, आणि काठोकाठ भरली की टण्णकन तळाला बसायची. झाली एक वाटी. पाटकऱ्यानं ती उचलायची, उपडी करायची, पुन्हा पाण्यावर सोडायची आणि एक खडा ह्या परातीतून त्या परातीत टाकायचा. कुणाच्या पाळीला तीन वाट्या, कुणाच्या चार. पाळी संपली की दाराशी टांगलेल्या लोखंडी पट्टीवर एक टोल. तो ऐकला की खाली बागेत दारं धरणारा माणूस आपल्या वाफ्याचं तोंड मातीनं बुजवणार आणि पुढचा आपलं उघडणार.

डोंगरातून येणारा तो झरा कुणाच्या बापाचा नव्हता. म्हणूनच जुन्या लोकांनी ठरवून टाकलं होतं की पाण्यावर मालकी कुणाचीच नाही, मालकी फक्त वेळेवर. उजाडल्यापासून ऊन डोक्यावर येईपर्यंत वरच्या आळीची वेळ, तिथून पुढे आपल्या वाट्या संपेपर्यंत खालच्या आळीची. आता तुम्ही म्हणाल, घड्याळं काय मेली होती? अहो, घड्याळं करून झाली होती. वरच्या आळीचं घड्याळ पुढे, खालच्या आळीचं मागे, आणि मधल्या मध्ये दोन्हीकडची डोकी फुटली. तेव्हापासून वाटी म्हणेल ते खरं. खोलीत घड्याळ आणायचं नाही, मोबाइल असेल तर बाहेर खुंटीच्या पिशवीत. वाटीला नातेवाईक नसतात, असं पाटकऱ्याचा बाप म्हणायचा आणि मिशीला पीळ द्यायचा.

वाट्या दोन होत्या, एकाच तांबटानं एकाच पत्र्यातून ठोकलेल्या. थोरली वरच्या आळीला, धाकटी खालच्या. आणि एक कडक नियम होता: दोन्ही वाट्या एकाच वेळी पाण्यात सोडायच्या नाहीत. एका पाण्याला दोन मापं लावली की झरा रुसतो म्हणे. हे झऱ्यानं कुणाच्या कानात सांगितलं होतं ते विचारू नका. पण नियम म्हणजे नियम, आणि म्हणून त्या दोघी बहिणींची गाठ कधी पडलीच नव्हती.

पाटकरी चौतीस वर्षं त्या हौदाच्या काठी बसला होता. वाटी तरंगत असताना उठायचं नाही, आणि उठलाच तर ती बुडायच्या आत परत. जेवण एका वाटीत, अंघोळ अर्ध्या वाटीत. बाप शेवटच्या घटका मोजत होता तेव्हा हा धावत घरी गेला, कपाळावर हात ठेवला आणि धावत परत आला. टण्ण वाजलं तेव्हा हा उंबऱ्यात होता आणि बाप गेलेला होता. मान अवघडली होती, गुडघे कामातून गेले होते. आपल्यानंतर इथं कोण बसणार म्हणून दोन्ही आळ्यांत विचारलं, तर लोक त्याच्या पाया पडायचे आणि सटकायचे. मान मोठा होता हो. पण मान अंगावर घेऊन माणूस कुठे फिरायला जातो?

त्या खोलीत तो कोंडला होता, पण एका गोष्टीची त्याला खात्री होती. आपल्या हातून कुणाचं थेंबभर पाणी इकडचं तिकडे झालं नाही. एवढ्यावर तो उभा होता. म्हणजे बसला होता.

त्याची धाकटी बहीण चिमी खालच्या आळीची. अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी सगळे चिमीच म्हणत. तिची लिंबांची बाग पाटाच्या अगदी शेपटाला. मूलबाळ नाही, नवरा तीन वर्षांपूर्वी तापानं गेला. बाग मात्र तिनं सोडली नव्हती. पण गेली काही वर्षं शेवटच्या दोन रांगांना पाणीच पोचेना. झाडं वठली. आळीतले लोक आडून बोलायचे: नवरा आळशी होता, बायकोनंही त्याचाच कित्ता गिरवला. आता गुडघे बोलायला लागले, गडी टिकेना, आणि ह्या साली तिनं हात टेकले. बाग विकायची आणि गावातल्या पुतणीकडे जायचं, तिच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत. त्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती. चिमी ते हसून सांगायची, पण सांगताना नाकाचा शेंडा लाल व्हायचा.

आणि घेणारा कोण? पाटकऱ्याचा व्याही. वरच्या आळीतलं बडं घर, गोड जीभ, लांब हात. पाटकऱ्याची एकुलती एक लेक सोनी त्याच घरात दिलेली. व्यवहार दुसऱ्या दिवशी भर दुपारी व्हायचा होता.

आदल्या दिवशी चिमीची पाळी होती. तिची पाळी लागोपाठ दोन दिवस असायची, खालच्या आळीतली पहिली. ती नेहमीसारखी तासभर आधीच आली आणि भिंतीला टेकून स्वेटर विणायला बसली. वरच्या आळीच्या शेवटच्या वाट्या चालू होत्या.

"एवढं काय विणतेस गं? अजून थंडीला अवकाश आहे," पाटकरी म्हणाला.

"पुतणीची ती खोली गारठ्याची आहे म्हणे. जायचंच तर तयारीनं जावं." तिनं सुई फिरवली. "दादा, एक सांगू? हसशील."

"सांग की."

"मी म्हातारी झाले रे. तुझी थोरली बुडेपर्यंत माझ्या सोळा ओळी होतात. आणि माझी पाळी लागली, धाकटी पाण्यात पडली, की पाणी शेपटाला पोचेपर्यंत इथंच विणत बसते, तर हातच चालत नाहीत बघ. चौदाच्या वर ओळ जात नाही. चार पाळ्या मोजतेय. आपलं पाणी सुरू झालं की माणूस बावचळत असेल, नाही?"

पाटकरी हसला. "चहा कमी कर," म्हणाला. थोरली टण्णकन बुडाली, त्यानं टोल दिला, तिला पुसून फळीवर ठेवलं आणि धाकटी पाण्यावर सोडली. मग त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"चौदा?" त्यानं विचारलं.

"कधी साडेतेरासुद्धा. जाऊ दे रे. उद्यापासून कुठे मोजायचंय?"

बाई चौतीस वर्षं ओळखत होती त्याची वाटी, जन्मापासून ओळखत होती भावाला. स्वतःच्या हातांवर संशय घेतला तिनं. भावाच्या वाटीवर घेतला नाही.  ती उठून गेल्यावरही तो त्या वाटीकडे बघत राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला ती वाटी बुडायची भीती वाटली.

शेवटचा टोल झाला, दिवस मावळला. त्यानं दाराला आतून कडी घातली, कंदील लावला आणि दोन्ही वाट्या एकदम पाण्यावर सोडल्या. झऱ्याला रुसायचं तर रुसू दे म्हणाला. दोघी शेजारी शेजारी तरंगल्या, एकसारख्या, कुणाला ओळखू येऊ नयेत अशा. तो गुडघ्यावर बसून बघत होता. धाकटी बुडाली. थोरली निवांत तरंगत होती. आता बुडेल, मग बुडेल, ती आपली तरंगतेच आहे. पाटकऱ्यानं वाट्यांच्या जागा बदलल्या, पुन्हा सोडल्या. तेच. तिसऱ्यांदा सोडल्या, पण धाकटीला कसली दया येणार? ती आपली लवकर बुडून मोकळी.

त्यानं धाकटी कंदिलासमोर धरली. भोकाची कड एका बाजूला ओढल्यासारखी झाली होती. आणि मग त्याला सगळं आठवलं, जसंच्या तसं.

भोकात क्षार साचतात. ते काढायला झाडाचा काटाच वापरायचा, लोखंड लावायचं नाही, तांबं मऊ असतं. हे बापानं त्याला कान पिळून शिकवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी सोनीला बघायला पाहुणे यायचे होते. नेमका काटा भोकात मोडला. बाहेरून बायको ओरडत होती, "अहो, आले ते, सदरा तरी बदला!" समोर पोतं शिवायचं दाभण पडलेलं. त्यानं ते भोकात घातलं, एकदा पिळलं, तुकडा निघाला, वाटी फळीवर ठेवली आणि सदरा बदलायला पळाला. एवढंच. एक पीळ. खालच्या आळीच्या प्रत्येक वाटीतून अकरा वर्षं दोन ओळींचं पाणी गेलं ते ह्या एका पिळापायी.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं घडी अर्धीच सोडली.

"कुणाला बोललात?"

"नाही."

"मग बोलू नका. उद्या तांबटाकडून गुपचूप भोक बारीक करून आणा. पुढचं पाणी नीट मिळेल सगळ्यांना. झालं."

"आणि चिमीची बाग? उद्या जातेय ती."

"तिचं मला काय कमी वाईट वाटतं? पण तुम्ही तोंड उघडलंत तर काय होईल ते कळतंय का? अकरा वर्षं! नेमकं सोनीचं लग्न जमलं त्या दिवसापासून! लोक म्हणतील, पाटकऱ्यानं वरच्या आळीला लेक दिली आणि लेकीबरोबर पाणीही आंदण दिलं. चूक झाली म्हणालात तर कोण विश्वास ठेवणार? शेंबडं पोरसुद्धा ठेवणार नाही."

"मी खोटं काही केलेलं नाही."

"ते मला माहीत आहे हो. पण सोनी त्या घरात राहते. ह्याच बागेसाठी व्याही दोन वर्षं टपून बसलेत. त्यांच्या तोंडचा घास तुम्ही काढलात तर उद्यापासून तिच्या ताटात काय वाढतील? टोमणे." ती थोडी थांबली. "तिच्यासाठी तरी मिठाची गुळणी धरा. एवढं ऐका माझं."

तिचं काही चुकत नव्हतं. तीच तर पंचाईत होती. बोललं तर लेक अडकते, नाही बोललं तर बहीण. आणि व्यवहाराची रीत अशी की गप्प बसून भागतही नव्हतं. दोन्ही आळ्यांचा एकेक वडीलधारा, घेणारा आणि देणारा पाटकऱ्याच्या खोलीत जमायचे. दोघांनी मिळून वाटी हातात धरायची आणि पाटकऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं: पाणी पुरं, वाटी पुरी. हे दोन शब्द झाल्याशिवाय जमिनीबरोबर पाणी जात नसे, आणि पाण्यावाचून ती जमीन फुकट दिली तरी कुणी घेत नसे. म्हणजे व्याह्याला बाग मिळायची तर ती पाटकऱ्याच्या तोंडानंच मिळायची.

दुसऱ्या दिवशी सकाळभर तो थोरली उचलत होता, सोडत होता, खडे टाकत होता. पळून जावंसं वाटलं त्याला. खरंच वाटलं. पण जाणार कुठे? एका वाटीत पोचून परत येता येईल एवढंच त्याचं जग. ऊन डोक्यावर आलं, त्यानं टोल दिला, आणि माणसं आत आली.

पुढे व्याही, इस्त्रीच्या सदऱ्यात. मागे वरच्या आळीचे एक गुरुजी, बहिरे आणि सभ्य. खालच्या आळीकडून मिशीवाले आजोबा. अख्ख्या आळीत त्यांच्याएवढं तिखट तोंड दुसरं नव्हतं. चिमी शेवटी, धुतलेलं पातळ नेसून, लग्नाला आल्यासारखी; फावडं मात्र सवयीनं आणलेलं, ते तिनं कोपऱ्यात टेकवलं. पाटकऱ्याची बायको दारातच उभी राहिली आणि नवऱ्याकडे एकटक बघू लागली.

"चला व्याहीबुवा, शुभस्य शीघ्रम," व्याही म्हणाला. "ताई, तुम्ही अगदी निर्धास्त राहा. झाडं आमच्या हाती पोटच्या पोरासारखी वाढतील. तुम्हाला झेपत नव्हतं ते, त्यात कमीपणा कसला?"

चिमीनं मान हलवली. धाकटी वाटी दोघांनी धरली. तिची बोटं वाटीच्या कडेवर घट्ट होती, जणू काही वाटीच तिला सावरून धरत होती.

"पाणी पुरं," पाटकरी म्हणाला. आणि त्याच्या तोंडून पुढचं निघेना.

 बहिऱ्या गुरुजींना वाटलं, म्हणून झालं. ते "शाब्बास" म्हणाले. मिशीवाले आजोबा खेकसले, "पुढचं काय झालं रे? घशात काही अडकलं का?"

पाटकऱ्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं अगदी बारीक मान हलवली: नको. मग त्यानं चिमीकडे पाहिलं. ती त्याला धीर द्यायला हसत होती. भावाला बागेसाठी वाईट वाटतंय, असं वाटलं असणार वेडीला. ते हसू त्याच्यानं बघवेना. त्यानं दोघांच्या हातातून वाटी काढून घेतली, फळीवरची थोरली घेतली आणि दोन्ही एकदम हौदात सोडल्या.

"अरे, अरे! नियम!" आजोबा ओरडले.

"बघा," पाटकरी म्हणाला. "नुसतं बघा."

वाटी भरायला लागतो तेवढाच वेळ लागला, पण त्या खोलीत तेवढा मोठा वेळ कुणी काढला नव्हता.  बायकोनं डोळे मिटून घेतले. धाकटी टण्णकन खाली गेली, आणि थोरली तरंगत राहिली, तरंगतच राहिली. आजोबा भिंतीला धरून खाली बसले.

पाटकऱ्यानं मोडलेल्या काट्याचं सांगितलं, दाभणाचं सांगितलं, कुठल्या दिवशी ते सांगितलं. काही लपवलं नाही.

"सोनीला बघायला आले त्या दिवशी?" आजोबांचा आवाज चिरका झाला. "वा रे पठ्ठ्या! लेकीबरोबर आमचं पाणी आंदण दिलंस होय? अकरा वर्षं आम्ही एकमेकांना आळशी म्हणत बसलो. झरा आटला म्हणत बसलो. पाट गळतो म्हणून दरसाली उन्हातान्हात पाट लिंपत बसलो!"

"माप म्हटलं की थोडं इकडंतिकडं व्हायचंच," व्याही मध्ये पडला. अजूनही जिभेवर साखर होती. "पाणी शेवटी निसर्गाचं. त्याचा एवढा बाऊ कशाला? ताई, आपलं ठरलेलं आहे. हात आणा."

"मी बाग देत नाही," चिमी म्हणाली.

एवढंच म्हणाली, आणि हात पदराखाली घेतला. व्याह्याच्या चेहऱ्यावरची साखर विरघळली. तो पाटकऱ्याकडे वळला. "बरंय. बापानं आज काय कमावलं ते घरी गेल्यावर सोनीला सांगतोच," म्हणाला आणि बाहेर पडला. गुरुजी त्याच्यामागे काय झालं काय झालं विचारत गेले. बायको उंबऱ्यावर बसली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडायला लागली. आजोबांनी उठून स्वतःच्या हातानं धाकटी हौदातून काढली, खिशात टाकली, आणि थोरली रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडली. "आजपासून आमच्या आळीलाही हीच," ते म्हणाले. "बाकीचं पंचांपुढे बघू." जाताना ते पाटकऱ्याकडे न बघता गेले. दर खेपेला ते त्याच्या पाया पडून जायचे.

राहिली चिमी. बाग वाचली होती तिची. पाटकऱ्याच्या मनात एवढ्या सगळ्यातही एक वेडी आशा होती की ही आता येईल, दादा म्हणेल, गळ्यात पडेल. ती जागची हलली नाही. बोटांवर काहीतरी मोजत होती.

"अकरा वर्षं म्हणालास ना?" तिनं विचारलं.

"हो गं."

"म्हणजे ज्या साली ह्यांनी घड्याळ आणलं, त्याच्या आदल्या साली."

"कसलं घड्याळ?"

"ह्यांना शंका आली होती. गावातून हातातलं घड्याळ आणलं आणि बागेच्या बांधावर उभे राहून टोल मोजले. दोन पाळ्या मोजले. मग मला म्हणाले, तुझ्या भावाची वाटी लवकर बुडते. वरच्यांची पाळी लांब चालते, आपली आखूड." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. "मी घड्याळ विहिरीत टाकलं. माझ्या भाचीचं लग्न चांगल्या घरी जमलं म्हणून जळता तुम्ही, असं म्हणाले मी. स्वतः दारं धरताना झोपा काढता आणि माझ्या देवासारख्या भावाला चोर म्हणता. महिनाभर बोलले नाही त्यांच्याशी. त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही कधी. पण पाळीच्या दिवशी जेवायचे नाहीत. फावडं घेऊन शेवटच्या रांगेपाशी उभे असायचे, टोल होईपर्यंत, पाण्याची वाट बघत. तापात होते तेव्हासुद्धा उठून गेले होते एकदा. तेव्हाही मी हसले होते. म्हटलं, आता बरी लाज वाटायला लागली."

पाटकरी खाली वाकला होता. हौदातलं पाणी त्याला दिसत होतं, त्यातली वाटी दिसत होती, चिमीकडे बघायची ताकद नव्हती. "चिमे," तो म्हणाला, "मला शिव्या दे. मार मला. काहीतरी बोल गं मला."

चिमीनं कोपऱ्यातलं फावडं उचललं. तिची दारं उघडायची राहिली होती, पाणी पाटात येऊन थांबलं होतं.

"तुला काय बोलू, दादा?" ती म्हणाली. "बोलायचं होतं ते सगळं ह्यांना बोलून झालंय."